मित्र गेला, मी इथेच आहे. मग घरची आठवण मला का येतेय?

ठाकूरद्वारचा_नाका
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. गेली सात-आठ वर्षं इथे नुसता वाचतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

वय ४७. जन्म गिरगावातला, आणि अजून त्याच वाडीत, त्याच चाळीत, त्याच दोन खोल्यांत. माझा मित्र समोरच्या गॅलरीतला. मधे चौक, अलीकडे आम्ही, पलीकडे ते. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या माझी आई मोजायची आणि चार झाल्या की इकडून ओरडायची, "वहिनी, गॅस!" शाळा एक, कॉलेज एक, गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तकही एकच. तो पावती फाडायचा, पैसे मी मोजायचो, कारण त्याचा हिशेब कच्चा. असा हा हिशेबात कच्चा माणूस पुढे मशीन डिझाइन करायला लागला आणि या जूनमध्ये कंपनीने त्याला बायको-मुलीसकट जर्मनीत, स्टुटगार्टला नेलं.

आता मुद्दा. भेटेल तो मला विचारतो, "काय, करमतं का त्याला तिकडे?" आई विचारते. नाक्यावरची भाजीवाली मावशी विचारते. त्याला करमतंय हो. मुलगी शाळेत रुळली. वहिनींनी इडलीचं पीठ आंबवायला हीटरजवळचा कोपरा शोधून काढला. त्यांच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी असते म्हणे, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवतात. चाळीत ज्याने उभ्या जन्मात केरसुणीला हात लावला नाही, तो तिकडे शनिवारी जिना झाडतो आणि वर फोटो पाठवतो. मजेत आहे.

करमत नाही ते मला.

रविवारी सकाळी साडेसहाला तो गॅलरीतून एक शिट्टी घालायचा. मी खाली उतरायचो. चौपाटी, मग मरीन ड्राइव्हने जमेल तितकं चालायचं, येताना ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ, साडेनऊला घरी. असं निदान वीस वर्षं. बोलायचो काय म्हणाल तर काही नाही. अर्धा वेळ मेट्रोला शिव्या. रस्ता खणलेला, कडेने पत्रे, रात्री मांडणीवरची भांडी थरथरायची. जे. एस. एस. रोड कधी मोकळा दिसणार यावर आमच्या पैजा लागायच्या. यंदा ८ ऑक्टोबरला उद्घाटन झालं आणि ९ तारखेपासून गिरगाव स्टेशन सुरू झालं. मी पहिल्याच आठवड्यात कफ परेडपर्यंत जाऊन आलो. स्टेशन चकाचक, एसी गारेगार. डब्यात उभा होतो आणि शिव्या घालायला शेजारी माणूस नव्हता.

त्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. पंधरा दिवसांनी उघडतो, खिडक्या उघडतो, पंखा लावतो, मोरीत बादलीभर पाणी ओततो, नाहीतर वास मारतो. भिंतीवर कालनिर्णय आहे, जूनचं पान. वहिनी दुधाचा हिशेब त्यावरच लिहायच्या, रोजच्या चौकोनात "१" किंवा "१॥". बारा तारखेपर्यंत आकडे आहेत, पुढचे चौकोन कोरे. दोन-तीनदा पान उलटायला हात गेला. मग म्हटलं राहू दे.

फोन होतो, नाही असं नाही. रविवारी आमचे अकरा म्हणजे त्यांचे सकाळचे साडेसात, अशी वेळ बसली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. साडेतीन तासांचं अंतर साडेचार झालं आणि आमचे अकरा म्हणजे त्यांचे साडेसहा झाले. आता फोन बाराला. बाराला आमच्याकडे कुकर लागलेला असतो, आई जेवायला बसलेली असते, तिकडे त्याला चहा हवा असतो. "काय मग?" "बाकी काय?" "बरं, ठेवतो." संपला.

घर सोडून गेलेल्याला घरची आठवण येते, हे कोणीही समजून घेतं. घरातच बसलेल्या माणसाला घरची आठवण येते का? येत असेल तर त्यावर काय करतात? चेष्टा चालेल, पण उत्तरही द्या.

---

चटणी_जास्त
१६ नोव्हेंबर, रात्री ११:५८

काका, दुसरा मित्र करा की! मुंबईत माणसांचा तुटवडा आहे का? शिट्टी वाजवणारे तर लोकलच्या दारात ढिगाने सापडतील. :)

---

नीलमोहोर
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

@चटणी_जास्त, वय काय रे तुझं? चाळिशीनंतर मित्र करून बघ, मग ये सांगायला.

नाकावाले दादा, हे मी डोंबिवलीहून निघालेल्या गाडीत उभ्या उभ्या टाइप करतेय, तेव्हा जमेल तसं. आमचा लेडीज डब्यातला ग्रुप अठरा वर्षांचा. त्यात माझी एक, खिडकीवाली. डब्यात कुणाची साडी सुटली, ड्रेसची शिवण उसवली, पर्सचा बंद तुटला की हिच्याकडे यायचं. हिच्या पिशवीत सुई-दोरा, टिचबटणं आणि सेफ्टी पिनांचा एक छोटा डबा, मूळचा हिंगाचा. गेल्या वर्षी व्हीआरएस घेऊन लेकीकडे बेंगळुरूला गेली. शेवटच्या दिवशी डबा माझ्या हातात दिला आणि कुर्ल्यालाच उतरली. एरवी आम्ही सीएसएमटीपर्यंत जायचो. का उतरली ते मी विचारलं नाही.

तिच्या खिडकीत आता एक नवी मुलगी बसते. चांगली आहे बिचारी. सुरुवातीला आम्ही चौघी तिच्याशी इतकं वाईट वागलो, आता लाज वाटते. तिची चूक एवढीच की ती तिथे बसली. मग एक दिवस तिचा ओढणीचा काठ दाराच्या पत्र्यात अडकून फाटला, मी मुकाट्याने डबा काढला, हिंगाचा वास आला आणि मला रडू फुटलं. भर गर्दीत. ती मुलगी घाबरली, तिला वाटलं तिच्या ओढणीसाठी रडतेय.

तेव्हा हो, येते. मी रोज घरून निघून घरी परत येते आणि मला आठवण येते. मुलुंड आलं, पुरे.

---

चिकित्सक_चिंतोपंत
१७ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

धागाकर्त्यांनी प्रश्न विचारला आहे म्हणून थोडं शब्दांविषयी. 'नोस्टॅल्जिया' हा आज गोड वाटणारा शब्द मुळात एका रोगाचं नाव आहे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलला, प्रबंध लिहिला आणि दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव घडवलं. 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं, 'आल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात चाकरी करणारे स्विस सैनिक झुरायचे, त्यांच्याशी पुढे हा रोग कायमचा जोडला गेला. उपाय काय, तर रोग्याला घरी पाठवा.

आता धागाकर्त्यांना कुठे पाठवायचं? म्हणजे ही 'घरची आठवण' नव्हे. हा विरह आहे, त्याला विरह म्हणावं. शब्द सैल वापरले की दुखणंही नीट कळत नाही.

अवांतर: मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. तुमचा मित्र मावशीकडे गेलाय असं समजा.

---

नीलमोहोर
१७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

विरह! दोन मुलांचा बाप असलेला माणूस चाळीतल्या मित्रासाठी विरह म्हणेल का, पंत? 'करमत नाही' यात सगळं आलं. आमच्या नागपूरकडच्या सासूबाई 'गमत नाही' म्हणतात. त्यात तर कोण गेलं, कुठे गेलं, काही सांगावंच लागत नाही.

(मावशीचं मात्र आवडलं.)

---

ठाकूरद्वारचा_नाका
१७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. पंत, तुमचा मुद्दा मी दिवसभर चघळला. विरह असता तर तो नजरेसमोर आला की थांबायला हवा. व्हिडिओवर तो समोर असतो आणि मला त्याच्या मागची भिंत दिसते. पांढरीशुभ्र, एकही खिळा नाही. मग मला त्याच्या इथल्या घराची आठवण येते, जे माझ्या दारातून दिसतं. आता बोला.

@चटणी_जास्त, राग नाही. पण दुसरा मित्र केला तर त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. माझे वडील कसे होते हे त्याला सांगावं लागेल. याने माझ्या वडिलांचा मार खाल्लाय.

---

आता_विरारकर
१७ नोव्हेंबर, रात्री ११:०२

साहेब, तुम्ही निदान गॅलरीत उभे आहात. आमची खोली गेली. मुगभाटात होतो. भाऊबंदकी, वाटण्या, माझ्या वाट्याला आलेल्या पैशात विरारला वन बीएचके. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. जर्मनीवाल्याला निदान 'परदेशी गेला' म्हणून मान आहे. विरारला गेलेल्याला कोण विचारतं करमतं का म्हणून? उलट म्हणतात, "अरे वा, प्रशस्त जागा! संडास घरात!"

गणपतीत मी अजून रजा टाकून येतो. केशवजी नाईकांच्या चाळीचा गणपती १८९३ चा, तिथून सुरुवात, मग आमच्या वाडीचा. आरतीला मागे उभा राहतो. पूर्वी टाळ माझ्याकडे असायचे. आता नवीन पोरं विचारतात, "काका, कुणाकडे आलात?"

आणि हे सगळं का झालं माहितीये? मराठी माणसाने गिरगाव सोडलं, दुसऱ्यांनी

---

आता_विरारकर
१७ नोव्हेंबर, रात्री ११:०४

(वरचा प्रतिसाद अर्धवट गेला.) दुसऱ्यांनी टॉवर बांधले आणि आपण टाळ्या वाजवल्या. यावर खरं तर वेगळा धागा निघायला हवा.

---

चटणी_जास्त
१७ नोव्हेंबर, रात्री ११:१०

आला, आला, मुद्द्यावर आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

ठाकूरद्वारचा_नाका
१७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

विरारकर, तो धागा तुम्ही जरूर काढा, मी येईन भांडायला. इथे नको. आणि पुढच्या गणपतीत मागे उभे राहू नका, आमच्या वाडीत या. टाळाची एक जोडी रिकामीच आहे.

---

मांजराकाठचा
१८ नोव्हेंबर, रात्री १:१५

दादा, मी लातूरकडचा. मुंबईत शिकायला हाय, दुसरं वर्ष. माझा रूम पार्टनर उदगीरचा व्हता. एका ताटात जेवायचो. त्याला पुण्यात नोकरी लागली, दिवाळीआधी गेला. लई वंगाळ वाटतं, खास करून रविवारी संध्याकाळी. मेस बंद असते, पोरं आपापल्या नातेवाइकांकडे जातात, आन् खालच्या टपरीवर गाणी लावतात.

मी काय करतो सांगू? हसू नका. सीएसएमटीला जातो, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढतो आन् लातूरची गाडी लागते तिथं जाऊन उभा राहतो. कुठं जायचं नसतं. नुसतं ऐकतो. "आवं बॅग सरकवा की", "पोरगं कुठं गेलं बगा", "तिकडं बसा, हितं आमची मानसं हायत". एकदा एका मावशीला पोतं चढवू लागलो तर म्हणाली, "कुणाचा रं तू?" मुंबईत दीड वर्षात मला हे कुणी इचारलं नव्हतं. गाव सांगितलं. तिनं पिशवीतून दोन धपाटे काढून दिले. गाडी सुटली की मी परत येतो.

धपाटे रूमवर आणून खाल्ले. एक पार्टनरच्या कॉटवर कागदात ठेवला व्हता, रात्री तोपण खाल्ला.

---

नीलमोहोर
१८ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

बाळा, रविवारी जेवायला डोंबिवलीला ये. मेसेज केलाय बघ.

---

हॅम्बुर्गवासी
१८ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

उशिरा वाचलं. मी पार्ल्याचा, इथे अकरा वर्षं झाली. तुमच्या मित्राच्या बाजूने थोडं.

पहिलं, 'मजेत आहे' यावर फार विश्वास ठेवू नका. पहिले सहा महिने माणूस कामात असतो. घराचा करार, विम्याचे कागद, कचऱ्याचे चार वेगवेगळे डबे, मुलीची शाळा. दुखायला वेळ नसतो. खरं सुरू होतं ते आत्ता. आमच्याकडे हॅम्बुर्गला डिसेंबरात दुपारी चारला सूर्य मावळतो, दक्षिणेला त्याच्याकडे अर्धा तास इकडेतिकडे. ऑफिसातून निघताना काळोख, पोचताना काळोख.

जिना झाडण्याची पाळी ही श्वाबेन प्रांताची खासियत, 'केअरवोखं' म्हणतात. आम्हा उत्तरेकडच्यांना त्याची गंमत वाटते. पण तो फोटो तो तुम्हालाच का पाठवतो याचा विचार केलात का? दुसऱ्या कुणाला त्यातला विनोद कळणार?

दुसरं, पार्सल पाठवायचा बेत असेल तर तूप, पेढे, श्रीखंड असलं काही पाठवू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, कस्टममध्ये काढून टाकतात. आंबा, कढीपत्ता यांनाही रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. पाचच फळांना सूट आहे: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि, ऐका, नारळ. माझी आई दर खेपेला बॅगेत एक नारळ घालते, त्या एका नारळापायी मी अडीच किलो पुस्तकं बाहेर काढलीत. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला बिनधास्त पाठवा.

तिसरं, मुख्य. फोनवर त्याला बातम्या सांगू नका. बातम्या तो वाचतो. "बाकी काय" विचारलंत की त्याला काहीतरी घडवून सांगावं लागतं. इथे रविवारी दुकानं बंद, ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं मशीन लावायचं नाही, बाटल्या टाकायच्या डब्यात बाटली टाकली तरी शेजारी खिडकीतून बघतो. शांतता इतकी की कान दुखतात. माझा भाऊ एकदा पार्ल्याच्या बाजारात असताना त्याच्या खिशातला फोन चुकून लागला. मी ठेवला नाही. नऊ मिनिटं ऐकत बसलो. कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस चालली होती.

एक विनंती. "कधी येतोस?" हे विचारू नका. तिकिटाचे पैसे, रजा, मुलांच्या सुट्ट्या, सगळं एकदम अंगावर येतं.

---

चिकित्सक_चिंतोपंत
१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

ड्युरियनला सूट आणि हापूसला नाही! युरोपबद्दल माझं मत आणखी खाली आलं.

---

चटणी_जास्त
१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१२

पंत आणि मी पहिल्यांदाच एका बाजूला. तारीख लिहून ठेवा.

---

परळचा_भोंगा
२० नोव्हेंबर, सकाळी ११:२५

नातीकडून लिहून घेतो आहे. वय ७४. गिरणीत विणकाम खात्यात होतो. तुमचा धागा नातीने वाचून दाखवला म्हणून सांगावंसं वाटलं.

आम्ही परळला गावाच्या मंडळाच्या गाळ्यात राहायचो. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, सगळी राजापूर तालुक्यातली. जेवण खाणावळीत. झोपायला प्रत्येकाला जागा कुठली? दोघांत एक वळकटी. माझ्या वळकटीचा जोडीदार रातपाळीला, मी पहिल्या पाळीला. मी उठून गिरणीच्या गेटवर जायचो तेव्हा तो आतून बाहेर यायचा. गेटवर नुसतं बघायचो. तो म्हणायचा, "गरम हाय." म्हणजे वळकटी अजून गरम असेल, मी आत्ताच उठलो ना. आमची मैत्री ती एवढीच, आणि रविवार. उशीला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास असायचा. सुरुवातीला किळस यायची, मग त्याशिवाय झोप यायची नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉक्टर सामंतांचा. अडीच लाख कामगार बाहेर. आज मिटेल, उद्या मिटेल करत शिमगा आला. खाणावळवालीचं उधार किती ठेवणार? ज्याला गावाला चार गुंठे होते तो गेला. तोही गेला. परळ डेपोवर एसटीत बसवला. वळकटी माझ्याकडे राहिली. आयुष्यात पहिल्यांदा सबंध रात्र वळकटी माझी एकट्याची, आणि मला झोप येईना. मी इथेच होतो. तुमचं म्हणणं मला कळलं ते त्यामुळे.

पत्रं यायची. निळं आंतर्देशीय. भात किती झालं, म्हैस व्याली, आईस बरं नाही. मीही तसंच लिहायचो. मग गणपतीला एक, शिमग्याला एक. मग बंद.

कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पुरी सुरू झाली. मी त्याच मे महिन्यात राजापूर रोडला उतरून त्याच्या घरी गेलो. सोळा वर्षांनी. अंगणात बसलो. बोलायला काही सुचेना. मग तो म्हणाला, "भोंगो वाजता मा रे अजून?" आमची गिरणी तेव्हा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, नाय, केव्हाच बंद झाला. खरं तेच सांगितलं. तो बराच वेळ आंब्याकडे बघत राहिला आणि मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आला. पाणी मी आधीच प्यायलो होतो.

नको होतं सांगायला.

नात विचारते आहे तो आता कुठे आहे. २००६ ला वारला.

---

नीलमोहोर
२० नोव्हेंबर, दुपारी १२:१०

आजोबा, नमस्कार करते. नातीलाही सांगा, छान लिहिलंय.

---

आता_विरारकर
२० नोव्हेंबर, दुपारी १२:४०

__/\__

---

वाचनमात्र_डॉक्टर
२० नोव्हेंबर, रात्री ९:५०

एरवी लिहीत नाही. वरचं सगळं मनाला भिडलं, पण वाचणाऱ्यांत कुणाला दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कामात लक्ष नाही, जगण्यातच राम वाटत नाही असं होत असेल तर ते 'करमत नाही'च्या पलीकडचं आहे. त्यांनी डॉक्टरांना भेटावं. सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून चालू आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मांजराकाठच्या, विशेषतः तुझ्यासारख्या होस्टेलवरच्या मुलांसाठी सांगतोय. तू तर धपाटे मिळवलेस, सगळ्यांना मिळत नाहीत.

---

मांजराकाठचा
२३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मावशींकडे जाऊन आलो. भरली वांगी. त्यांच्या गाडीतल्या ग्रुपमधल्या आणखी दोघी आल्या व्हत्या, तिघींनी मिळून माझं लग्न जवळपास ठरवलं. डॉक्टर, नंबर सेव्ह केला. मी बरा हाय. पण होस्टेलवर एक जण हाय, त्याला देतो.

---

ठाकूरद्वारचा_नाका
रविवार, २१ डिसेंबर २०२५, दुपारी ३:२०

मंडळी, महिनाभर आलो नाही. आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती, त्यात गेला. आता छान आहे, समोरच्या गॅलरीतल्या दोरीवरचे चिमटे मोजून दाखवते.

हॅम्बुर्गवासी, तुमचं ऐकलं. मेतकूट आणि भाजणी पाठवली. आणि त्याला विचारलं, रविवारी मी खाली उतरलो की फोन लावू का? तो म्हणाला, "वेडा आहेस का, इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात." खरं आहे. मग मीच माझं चालणं हलवलं. साडेसहाचं अकराला. उन्हात मरीन ड्राइव्ह जमत नाही, म्हणून नुसतं ठाकूरद्वार नाक्यापासून चौपाटीपर्यंत, गल्ल्यागल्ल्यांतून. त्याने साडेसहाचा गजर लावला. वहिनी झोपलेल्या, म्हणून तो स्वयंपाकघरात कपड्यांना इस्त्री करत कानात लावून बसतो. पहिल्या दिवशी मी बोलायला लागलो तर म्हणाला, "बोलू नकोस रे. चाल नुसता."

आज तिसरा रविवार. फोन शर्टाच्या वरच्या खिशात, तोंड बाहेर. मावशीने मटार तोलता तोलता विचारलं, "जोडीदार कुठे गेला तुझा, आला नाही अजून?" मी खिशाकडे बोट दाखवलं. तिने वाकून खिशात तोंड घालून सांगितलं, "मटार चाळीस रुपये पाव झालेत रे बाबा, तिकडेच राहा!" तिकडून इस्त्रीचा भप्पकन आवाज आला आणि हा हसला. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. एक टेम्पो मागे येत होता, त्याचं ते टुंईटुंई. देवळातली घंटा. कुणीतरी वरून "ए विनू, डबा!" म्हणून ओरडलं. विनू कोण आम्हाला दोघांनाही माहीत नाही.

जे. एस. एस. रोडला आलो. इथे आमच्या तोंडाशी मेट्रोचा पत्रा होता, कोपरा बाहेर आलेला. त्याने दोन शर्ट त्याच्यात फाडून घेतले होते, मी एक. तो पत्रा निघून दोन महिने होऊन गेले. तिथे आता फरशी घातलीय, एक माणूस बसून मोबाइलची कव्हरं विकतो.

खिशातून आवाज आला, "सांभाळ, डावीकडे पत्रा."

मी म्हटलं, "हो, हो. बघतोय," आणि उजवीकडून गेलो.